चारचौघांत अडखळणारी गाडी

आमची गाडी एकटी असली की वाऱ्यासारखी धावायची आणि चारचौघांत गेली की अडखळायची. गाडी म्हणजे खरी नव्हे, संगणकातली. खरी गाडी मी आयुष्यात चालवलेली नाही. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी रत्नागिरीच्या मांडवीतल्या घरापासून कचेरीपर्यंत सायकलने गेलो, आणि सायकल अडखळली तर त्याचं कारण नेहमी डोळ्यांना दिसेल असं असायचं. इथे तसं नव्हतं, म्हणून हे सगळं घडलं.

त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, आमच्या भागात जलद इंटरनेट नुकतंच आलं होतं. आमचा मुलगा उन्मेष मेलबर्नला. शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. फोनवरचं आमचं संभाषण ठरलेलं. ‘कसा आहेस?’ ‘बरा आहे.’ ‘थंडी आहे का?’ ‘आहे.’ ‘आईला देतो.’ यापुढे आम्हा दोघांना कधी काही सुचलं नाही. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. विषय नव्हता एवढंच.

मग एकदा त्याने फोनवर म्हटलं, “बाबा, मी दर रविवारी मित्रांबरोबर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो, नेटवरून. तुम्ही पण या ना. माझा जुना संगणक आहेच घरी.”

मी ‘बघतो’ म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी सराव सुरू केला. एकट्याने. समुद्रकाठचा वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, बघ्यांची गर्दी, वर ढग. चार बाणांच्या कळांवर गाडी चालायची. पहिल्या दिवशी मी झाडावर आपटलो, नंतर गर्दीत शिरलो, पण आठवडाभरात माझा हात असा बसला की कुसुम, म्हणजे माझी पत्नी, भाजी निवडत मागे उभी राहून म्हणाली, “बरी चालवताय की! मग स्कूटर का नाही घेतलीत कधी?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याची ती वेळ नव्हती.

रविवारी दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसलो. कोणी मला बघणार नव्हतं, तरी मुलाच्या मित्रांना पहिल्यांदा भेटायचं म्हणजे काही रीत असते. एकूण आठ गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या. कर्ण्यातून नाना देशांतले आवाज येऊ लागले. शिट्टी झाली आणि चित्र थांबलं. पुढे सरकलं, परत थांबलं. लहानपणी वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं भराभर उलटायचो, त्यातली मधली पानं कोणी फाडून नेल्यासारखं. मी डावीकडे वळावं तर वळण आधीच संपलेलं. मी थांबावं तर मी आधीच कशावर तरी आदळलेलो. माझी गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी झाली आणि मागून येणारे चार जण माझ्यावर येऊन धडकले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. माझं नाव पडद्यावर इंग्रजीत ‘मुळ्ये’ असं लिहिलं होतं, आणि खेळणाऱ्यांतला एक जण मला सारखा ‘मिस्टर म्यूल’ म्हणायचा. मला तो उच्चाराचा दोष वाटला. शेजारचे तांबे सर इंग्रजी आणि गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अत्यंत सौम्यपणे सांगितलं की म्यूल म्हणजे खेचर.

त्याच रविवारी पडद्यावर एक चौकट आली. मला शर्यतीतून काढावं का यावर मतदान चाललं होतं. नोटीस नाही, म्हणणं मांडायची संधी नाही, सुनावणी नाही. ज्या इमारतीत मी हयात घालवली, तिथे बकरी चोरणाऱ्यालासुद्धा ‘तुला काही सांगायचंय का’ असं विचारतात. मी बहुमताने बाहेर पडलो. उन्मेषने कुणाच्या बाजूने मत दिलं ते मी विचारलं नाही. तो फोनवर एवढंच म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी तुम्ही नुसतं बघा हवं तर. बघायलाही मजा येते.”

नुसतं बघा! मुलगा परदेशी गेल्यापासून मी दुसरं करत काय होतो?

त्या रात्री जेवताना मी कुसुमला सांगितलं, “दोष माझ्यात नाही. एकटा असतो तेव्हा गाडी उत्तम चालते. तेव्हा दोष कुठे आहे हे मी शोधून काढणार.”

“शोधा,” ती म्हणाली. “पण पानातलं संपवून शोधा.”

पहिला संशयित अर्थातच टेलिफोन. एकट्याने खेळताना तार लागत नाही, सगळ्यांबरोबर खेळताना लागते, म्हणजे गुन्हा तारेचा. पुरावा इतका सरळ होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी टेलिफोनच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “फोन बंद आहे?”

“चालू आहे.”

“खरखर?”

“नाही.”

“नेट बंद?”

“चालू आहे. पण आठ गाड्या एकत्र आल्या की माझी गाडी अडखळते.”

बाईंनी मान वर केली. “गाड्यांचं आरटीओकडे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मी परत रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या खेपेला ‘खरखर’ अशी तक्रार नोंदवून आलो, कारण यंत्रणेला जी तक्रार कळते तीच करावी लागते. त्यामुळे दोन दिवसांनी रामा लाइनमन आला. शिडी लावून वर चढला, तार चाचपली, खाली उतरला, कुसुमने दिलेलं कोकम सरबत प्यायला आणि शेजारच्या आवारातून आमच्या तारेवर आलेल्या आंब्याच्या फांदीकडे बोट दाखवलं.

“पानं घासतायत तारेवर. दमट हवा. करंट शोषला जातो.”

टेलिफोनचा करंट आंब्याची पानं शोषतात हे मी कधी ऐकलं नव्हतं, पण पडद्यावरच्या गाड्याही मी पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. मी ते मान्य केलं.

ते झाड बाळा सुर्व्यांचं. बाळाच्या भाट्ये गावाकडे मोठ्या बागा आहेत, पण आमच्या कुंपणाला लागून असलेल्या या एका हापूसवर त्याचा जीव. मे महिना होता, फांदी फळांनी लगडलेली.

“काय वो भाऊ,” तो म्हणाला, “माज्या बापाशीन लावलेला झाड हाय. तुमच्या खेळासाठी तोडू?”

“खेळासाठी नाही. उन्मेषशी संपर्कासाठी.”

“उन्मेषशी फोन लागत नाय काय?”

“फोन लागतो.”

“मंग?”

मी त्याला गाडी, शर्यत, मतदान आणि खेचर हे सगळं सांगितलं. बाळा गंभीर झाला. माणूस रागीट असला तरी अपमान म्हणजे काय हे त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी त्याने झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एक एक फळ उतरवून घेतलं, गड्याला वर चढवलं, आणि स्वतः खाली उभा राहून “हलक्या हातान, हलक्या हातान” असं ओरडत राहिला. फांदी तुटली ती हलक्या हाताने नाही. ती आमच्या तारेवर बसली, तारेने खांबावरचा डबा ओढला, डब्याने आमच्या पडवीची दोन कौलं नेली. इतका वेळ निदान चालू तरी असलेला आमचा फोन पूर्ण बंद झाला. त्याच डब्यावर बाळाचाही फोन होता.

“आता खरखर पण नाय!” बाळा कुंपणापलीकडून म्हणाला, आणि त्यानंतर काही दिवस तो माझ्याशी काहीच म्हणाला नाही.

नवी तार यायला वेळ गेला. तोवर मेलबर्नशी आमचा संबंध तुटला तो तुटलाच. कुसुम रोज तांब्यांकडे जाऊन तिथून उन्मेषला फोन करायची. परत आल्यावर मी विचारायचो, “काय म्हणाला?”

“बरा आहे म्हणाला.”

“मग झालं.”

“बरा आहे असं जरा जास्तच म्हणाला,” असं एकदा ती म्हणाली. मी त्यावर फारसा विचार केला नाही. माझं लक्ष तारेकडे होतं.

नवी तार आली, कोरी, चकचकीत. तिच्या आसपास हातभर अंतरात पान नाही, फांदी नाही. रविवारी मी खेळायला बसलो आणि गाडी पहिल्यासारखीच अडखळली. पहिला आरोपी निर्दोष सुटला. मात्र दरम्यान शेजार, कौलं आणि आंब्याची फांदी यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता तांबे सरांनी प्रकरण हातात घेतलं. राजाराम तांबे म्हणजे शिस्तीचा माणूस. ते मान मागे टाकून म्हणाले, “मुळ्ये, उष्णता. यंत्र तापलं की मंद होतं. माणसासारखंच. त्याचं झाकण काढा आणि समोर पंखा लावा.”

हे मात्र शास्त्राला धरून होतं. मी संगणकाच्या उभ्या डब्याचं झाकण काढलं. आत उन्मेषच्या कॉलेजच्या दिवसांपासूनची धूळ नांदत होती, तिला ब्रशाने बाहेर काढलं आणि समोर टेबलपंखा लावला. गाडी पहिली पाच-दहा मिनिटं खरंच थोडी बरी चालली. इतकी की मी एक वळण वळून गेलो आणि ते मला दिसलंही. मग पुन्हा तेच. पण आशा लागली होती. म्हणून पंखा सबंध दिवस चालू ठेवायचा असं मी ठरवलं.

कुसुम काटकसरी बाई. पंखा चालूच आहे तर वाया का घालवा, म्हणून तिने आंब्याच्या साठाची ताटं त्याच्यापुढे वाळायला ठेवली. आटवलेल्या आंब्याच्या रसाचा वास घरभर पसरला. माणसांना तो आवडला आणि मुंग्यांनाही आवडला. संध्याकाळी पाहतो तर लाल मुंग्यांची रांग खिडकीतून निघून ताटाकडे, आणि तिथून एक फाटा फुटून थेट संगणकाच्या डब्यात. आतल्या उबेला त्यांनी अंडी न्यायला घेतली होती.

“हळद,” तांबे सर म्हणाले. “मुंगी हळद ओलांडत नाही.”

मी संगणकाभोवती हळदीचं रिंगण काढलं. सकाळी गंगुबाई भांड्यांना आली. तिने हळद पाहिली, मध्ये बसवलेला उघडा डबा पाहिला, आतला मिणमिणता हिरवा दिवा पाहिला. चप्पल बाहेर काढून आली आणि हात जोडले. मग कुसुमला हळूच विचारलं, “वहिनी, उन्मेषदादाचं सगळं ठीक आहे ना?”

त्या प्रश्नाने कुसुमचा चेहरा एकदम उतरला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “पुरे झालं आता तुमचं. झाड गेलं, कौलं गेली, आता लोक घरात पूजा घातली म्हणून विचारायला लागले. तांब्यांची रसिका एवढी कॉम्प्युटर शिकवते पॉलिटेक्निकात. तिला विचारायला तुम्हाला कमीपणा वाटतो का?”

कमीपणा नव्हता वाटत. संकोच वाटत होता. रसिकाला मी परकर-पोलक्यात बघितलेलं. तिला ‘मला मोटारींचा खेळ नीट खेळता येत नाही, मदत कर’ असं सांगायचं म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला जरा जड जातं. पण रविवारी ती आपणहून आली. तिने आधी मुंग्या झटकल्या, झाकण लावलं, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. “काका, खेळा. मी फक्त बघते.”

मी खेळलो. आडवा झालो. चार जण येऊन धडकले. ‘मिस्टर म्यूल’ झालं. तिने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

“काका, एक सांगा. इतरांच्या गाड्या उड्या मारतात, की सगळंच अडखळतं? तुमचं स्टिअरिंग, ते वरचे ढग?”

“ढगसुद्धा.”

“मग तार दोषी नाही. ढग काही मेलबर्नहून येत नाहीत. ते इथेच, याच डब्यात काढले जातात.”

मी कुंपणापलीकडच्या आंब्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर!

मग तिने मला शांतपणे समजावून सांगितलं. पडद्यावर हलतं ते खरं म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली चित्रं. संगणकाला वेळ मिळाला तर तो एका क्षणात पुष्कळ काढतो आणि आपल्याला गाडी सरळ धावताना दिसते. वेळ कमी मिळाला की चित्रं कमी निघतात, त्यालाच आपण अडखळणं म्हणतो. एकट्याने खेळताना त्याला एकच गाडी सांभाळायची असते. सोबत त्याच्या स्वतःच्या गाड्या असल्या तरी त्या कुठे वळणार हे त्यानेच ठरवलेलं असतं. माणसं आली की तसं राहत नाही. सात देशांतून सात जणांच्या बातम्या सारख्या येत राहतात. कोण वळला, कोण आपटला. प्रत्येक बातमी उघडायची, ताडून बघायची, उशिरा आली तर मधली जागा अंदाजाने भरायची. त्यात प्रत्येकाने आपली गाडी वेगळी रंगवलेली, ते रंग आठवणीत ठेवायचे. सगळ्यांचे आवाज ऐकवायचे. शिवाय व्हायरस पकडणारा जो पहारेकरी आत बसवला आहे तो येणाऱ्या प्रत्येक पुडक्याची झडती घेतो. आणि हे सगळं करणारा मेंदू एकच, तोही जुना.

“म्हणजे न्यायाधीश एक,” मी म्हणालो. “एकतर्फी दावा असला की सकाळी सुरू, दुपारी निकाल. पण आठ पक्षकार, आठ वकील, प्रत्येकाचा दर मिनिटाला नवा अर्ज, आणि दारावरचा शिपाई प्रत्येकाची पिशवी तपासतोय. मग मूळ दावा पुढे सरकणार कसा?”

“अगदी तसंच, काका.”

सगळं प्रकरण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. दोष माझ्यात नव्हता, आणि संगणकातही नव्हता. कामाचा बोजा होता. बोजाखाली अडखळणाऱ्याला खेचर म्हणणाऱ्यांना बोजा म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

मग रसिकाने ओझं उतरवायला सुरुवात केली. पहारेकऱ्याला खेळापुरती रजा दिली. सावल्या काढल्या, बघ्यांची गर्दी काढली, झाडं काढली. “समुद्र काढू?” तिने विचारलं.

“समुद्र?”

“लाटा फार वेळ खातात. खिडकीतून दिसतोय की खरा.”

समुद्र गेला. त्याच्या जागी बादलीत नीळ कालवल्यासारखं सपाट काहीतरी आलं. गाडी सुधारली. चार जण असतील तर बरी चालू लागली. आठ जण रेषेवर आले की मात्र अजूनही थबकायची.

“आता याच्यापलीकडे या डब्यात जोर नाही,” ती उठताना म्हणाली. “किंवा मग माणसं कमी करा. दोघंच असाल तर उत्तम चालेल.”

ती गेली आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. टेलिफोनच्या कचेरीत दोनदा रांगेत उभं राहणं सोपं होतं. बाळाकडे फांदी मागणं सोपं होतं. पण मुलाला ‘तुझे मित्र नकोत, माझ्या एकट्याबरोबर खेळ’ असं सांगायचं कसं? त्याला आठवड्यातून एकदा मिळणारी मजा. त्यात बापाने वाटा मागावा तोही असा सबंध! मी तीन दिवस वाक्यं जुळवली. चौथ्या दिवशी कुसुमने माझ्यासमोर नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“उन्मेष,” मी म्हणालो, “एक तांत्रिक मुद्दा आहे.”

मी त्याला सगळं सांगितलं. मेंदू एक, बातम्या अनेक, पहारेकरी, रंग, लाटा. संगणकाचा इंजिनिअर तो, त्याला हे सगळं माझ्या जन्माआधीपासून ठाऊक असल्यासारखं असणार. पण त्याने मध्ये तोडलं नाही.

“म्हणजे काय करायचं, बाबा?”

“म्हणजे… बाकीचे नसले तर बरं पडेल.”

“आपण दोघंच?”

“यंत्राच्या दृष्टीने.”

पलीकडे त्याने रिसीव्हर हात बदलून धरला असावा, खरखर झाली. मला वाटलं नवी तारही गेली.

“बघतो,” तो म्हणाला.

मी ‘बघतो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हो’ असतो. त्याचा अर्थ काय असतो हे मला माहीत नव्हतं, आणि हे मला माहीत नाही याची जाणीव त्या आठवड्यात मला बऱ्याचदा झाली.

रविवारी मी बसलो. इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. रेषेवर एक गाडी आली, ती माझी. थोड्या वेळाने शेजारी दुसरी आली. आणखी कोणी आलं नाही. शिट्टी झाली आणि मी सांगतो, गाडी अशी गेली, अशी गेली, की पाण्यावरून होडी. वळण यायच्या आधी दिसत होतं. मी वळत होतो तेव्हाच वळत होतो. उन्मेष पुढे होता, पण दर वळणावर तो वेग कमी करायचा आणि मी जवळ आलो की पुन्हा निघायचा. लहान असताना मांडवीच्या वाळूत मी त्याच्यासाठी असाच थांबत थांबत चालायचो.

अशाच एका वळणावर मी त्याच्या अगदी मागे पोहोचलो आणि मला त्याची गाडी पहिल्यांदा नीट दिसली. आत्तापर्यंत तो नुसता एक लाल ठिपका होता. गाडीच्या मागे त्याने स्वतः रंगवलेली नंबर-पाटी होती. एमएच ०८. आमच्या रत्नागिरीचा नंबर. मेलबर्नमध्ये बसून, जगभरच्या सहा अनोळख्यांमध्ये, तो ही पाटी लावून फिरत होता, आणि तिचा अर्थ कळेल असा त्यांच्यातला एकही जण नव्हता.

“अरे, तुझ्या गाडीचा नंबर…” मी म्हणालो.

त्याची गाडी हळू झाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“गाडी कडेला घे,” मी म्हणालो. “मागून कोणी येईल.”

“कोणी येणार नाही, बाबा. आपण दोघंच आहोत.”

मी माझी गाडी त्याच्या शेजारी नेऊन लावली. सपाट निळ्या समुद्राकडे तोंड करून आम्ही उभे राहिलो. कर्ण्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता. बाकीचे सहा असताना तो कधी ऐकू आला नव्हता.

“ते सगळे माझे मित्र नाहीत,” तो म्हणाला. “मी त्यांना कधी भेटलेलो नाही. एकाचंही खरं नाव मला माहीत नाही. ते तुम्हाला काढायला निघाले तेव्हा मी नको म्हणून मत दिलं होतं. पण माझ्या एकट्याचं.”

“असू दे.”

“बाबा, नोकरी गेली. होळीच्या आधीच गेली. सबंध आठवड्यात मी कोणाशी बोलतो तर या शर्यतीत. आईला सांगू नका.”

कचेरीत असताना माझ्यासमोर कितीतरी माणसं कोलमडली. मला तेव्हा एकच गोष्ट सांगता यायची, पुढची तारीख. आता माझ्याकडे तारीख नव्हती. काहीतरी बोलायलाच हवं होतं. बोलायचं असलं की एक कळ दाबून धरायची असते, आणि घाईत माझं बोट शेजारच्या कळीवर पडलं. ती भोंग्याची कळ होती. मी ती गच्च दाबून धरली आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. घरी ये, काळजी करू नकोस, नोकरीचं काय घेऊन बसलास, तू आलास की झालं. इतकं मी त्याच्याशी आयुष्यात एकदम बोललो नव्हतो. पलीकडे त्याला ऐकू गेला तो फक्त भोंगा. लांबलचक, एस.टी.च्या गाडीसारखा, थांबायचं नाव नाही.

मी थांबलो तेव्हा तो हसत होता. हसता हसता त्याचा आवाज ओला झाला होता. “बाबा, काय म्हणालात ते परत म्हणा.”

पण ते परत म्हणायची वेळ आली नाही. कुसुम मागे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, हाताला कणीक तशीच. तिने मला खुर्चीसकट बाजूला सारलं, मी दाखवलेली कळ कणकेच्या बोटाने दाबली, आणि माइकला तोंड लावून म्हणाली, “उन्मेष, तिकीट काढ.”

“आई, तू ऐकलंस?”

“मी फोनवरच ऐकलं होतं. तू ‘बरा आहे’ फार वेळा म्हणत होतास.”

तो पुढच्या महिन्यात आला. स्टेशनवर त्याला आणायला बाळाने स्वतःची जीप काढली आणि वाटेत माझ्याशी बोलणंही पुन्हा सुरू केलं. नंतर पुण्याला त्याला चांगली नोकरी लागली, पण तो विषय वेगळा. शर्यतीच्या त्या दुपारी मात्र आम्ही तिघं बराच वेळ बोलत बसलो. कुसुम स्टुलावर, मी खुर्चीत, आणि आमच्या दोन गाड्या रस्त्याच्या मधोमध तशाच उभ्या. वेळ संपली तेव्हा पडद्यावर शर्यतीचा निकाल आला. दोन्ही स्पर्धक बाद, शर्यत अपूर्ण.

निकालाविरुद्ध अपील करण्याची सोय त्या खेळात होती. मी केलं नाही.